पदवीच्या वयांतील अक्कलदाढ

हिंजवडीच्या पुढें मुळशी तालुक्यांत माण नांवाचें गांव आहे. शेतीवर जगणाऱ्या या गांवाच्या शिवारापर्यंत राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान येऊन पोंचलें, आणि आतां तेथें भाड्याच्या खोल्यांतून परगांवचीं तरुण मुलें राहतात. कोणी नोकरीसाठीं, कोणी शिक्षणासाठीं. अशा एखाद्या खोलींत रात्रीं अकरा वाजतां विद्यार्थ्याची अक्कलदाढ ठणकूं लागली, तर तो काय करील? घरीं असता तर आजीनें लवंग पुढें केली असती आणि सकाळीं काकांनीं हाताला धरून दंतवैद्याकडे नेलें असतें. येथें तो औषधाच्या दुकानांतून गोळी आणतो; ठणका थांबतो, आणि दुखणें परीक्षा संपेपर्यंत पुढें ढकललें जातें. गोळीनें वेदना शमते, दाढेखालचा पू मात्र आपलें काम करीतच राहतो.

अक्कलदाढ साधारणतः सतराव्या वर्षानंतर येऊं लागते. विद्यापीठाच्या पदवीचें वयहि तेंच. दाढ आली म्हणून अक्कल येत नाहीं, हें आपण विनोदानें म्हणतों. परंतु पदवी आली म्हणून स्वतःच्या तोंडाविषयींचें शहाणपण येतें काय, हा प्रश्न विनोदाचा नाहीं.

आरोग्याची माहिती मिळविणें, ती समजणें आणि तिच्या आधारें योग्य निर्णय घेणें, या शक्तीला आज आरोग्यसाक्षरता म्हणतात. हा शब्द १९७४ सालीं अमेरिकेंत प्रथम वापरला गेला. ती मोजावी कशी, यासाठीं पुढें अनेक कसोट्या निघाल्या. दांतांच्या बाबतींत २००७ सालीं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील संशोधकांनीं तीस शब्दांची एक यादी केली. साखर, धूम्रपान अशा सोप्या इंग्रजी शब्दांपासून ती दंतशास्त्रांतील अवघड शब्दांपर्यंत जाते. परीक्षार्थीनें शब्द मोठ्यानें वाचावयाचा. उच्चार बरोबर आला कीं एक गुण.

ही कसोटी आपण मराठींत आणली तर काय होईल? इंग्रजींत लेखन एक व उच्चार दुसरा, म्हणून शब्द ओळखीचा असल्यावांचून तो सहसा नीट वाचतां येत नाहीं. आपल्या बाळबोध लिपींत तसें नाहीं. 'दंतवल्क' हा शब्द चौथींतला मुलगा अडखळल्यावांचून वाचील. पण दंतवल्क म्हणजे दांतावरचें कठीण कवच, हें पदवीधरासहि ठाऊक असेल असें नाहीं. स्पॅनिश भाषेंतहि लेखनावरून उच्चार सहज कळतो. म्हणून २००६ सालीं त्या भाषेसाठीं वैद्यकीय शब्दांची जी कसोटी केली, तींत प्रत्येक शब्दाबरोबर दुसरे दोन शब्द देऊन अर्थानें जवळचा कोणता, हें विचारलें. टोरोंटोच्या संशोधकांनीं २००९ सालीं याहि पुढें जाऊन उताऱ्यांतील गाळलेले शब्द भरावयास दिले आणि औषधाच्या सूचनांवर हिशेब घातले. मराठी विद्यार्थ्याचें मोजमाप करावयाचें तर तें असेंच, वाचनाचें नव्हे, तर समजुतीचें केलें पाहिजे.

वाचकांनीं आपल्या घरांतील महाविद्यालयीन मुलामुलींस पुढील पांच प्रश्न विचारून पाहावे. वडील मंडळींनींहि परीक्षेस बसण्यास हरकत नाहीं.

पहिला : दांतास कीड लागते, तेव्हां आंत किडा असतो काय? नसतो. आपल्या भाषेंतला हा शब्दच फसवा आहे. फ्रान्समधील फोशार यानें १७२८ सालीं हा समज नाकारला, आणि मिलर यानें १८९० सालीं दाखविलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतू साखरेचें आम्ल करतात व तें आम्ल दांत झिजवितें.

दुसरा : तीन चमचे साखर जेवणाबरोबर एकदांच खाणें वाईट, कीं अभ्यासाच्या रात्रीं सहा वेळां अर्धा अर्धा चमचा चहांतून घेणें? दुसरें. प्रत्येक घोटानंतर आम्लाचें काम नव्यानें सुरू होतें आणि सुमारें अर्धा तास चालतें. जेवणानंतर चूळ भरण्याची आपली जुनी रीत उत्तम. ती चहानंतरहि पाळावी.

तिसरा : शंभर मिलिलिटरला अकरा ग्रॅम साखर असलेल्या पेयाची ३०० मिलिलिटरची बाटली प्यालास, पोटांत साखर किती गेली? तेहेतीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणें वरून घातलेली साखर दिवसाला सुमारें ५० ग्रॅमच्या आंत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आंत, असावी.

चौथा : हिरड्यांतून रक्त येतें, मग दांत घासणें थांबवावें काय? मुळींच नाहीं. बहुधा दांतांवर सांचलेल्या थरानें हिरडी सुजलेली असते. हलक्या हातानें घासणें चालू ठेवावें आणि दंतवैद्यास दाखवावें. दांत स्वच्छ करून घेतल्यानें ते हलतात, ही समजूत खोटी आहे.

पांचवा : तोंडांतील व्रण किंवा पांढरा अथवा लाल चट्टा किती दिवस घरीं ठेवावा? दोन आठवड्यांहून अधिक नाहीं. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तंबाखू गेलेली नाहीं, आणि जुन्या बायकांची मिश्री हीहि भाजलेली तंबाखूच. म्हणून हा प्रश्न आजीसहि विचारावा, पण मायेनें. तिला लाज वाटेल असा नव्हे.

चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळणें जड झालें, तर तो गोळीचा विषय राहत नाहीं. त्याच दिवशीं डॉक्टर गांठला पाहिजे. श्वासास अडथळा वाटला, तर क्षणाचाहि विलंब नको. माणच्या विद्यार्थ्यास पिंपरी कांहीं परदेश नव्हे. तेथें दंतमहाविद्यालय व त्याचें रुग्णालय आहे.

मुलानें पांचहि उत्तरें बरोबर दिलीं, तर त्याला सहावा प्रश्न विचारावा : "दुखत नसतांना दंतवैद्यापुढें तोंड कधीं उघडलें होतेंस?" कारण ठाऊक असणें आणि आचरणें यांत जें अंतर आहे, तें कोणत्याहि शब्दयादीनें मोजलें जात नाहीं. परगांवीं निघालेल्या मुलाच्या सामानांत आपण लाडवांचा डबा न विसरतां देतों. त्याबरोबर दांतांची एक तपासणी आणि या पांच उत्तरांची शिदोरीहि द्यावी. लाडू चार दिवसांत संपतील. दांत मात्र जन्माचे सोबती आहेत.