घरजावई सर्व्हर

घरात कुणी बी.सी.ए. किंवा इंजिनिअरिंगला असेल, तर शेवटच्या वर्षी 'प्रोजेक्ट' हा शब्द जेवणाच्या ताटापर्यंत येतोच. मी कॉलेजात जावा शिकवते. दरवर्षी पाहते, मुलांचा निम्मा वेळ प्रोग्राम लिहिण्यात नव्हे, तर सर्व्हर बसवण्यात जातो.

वेब सर्व्हर म्हणजे ब्राउझरने मागितलेले पान काढून देणारा प्रोग्राम. जुनी रीत अशी की सर्व्हर आधी वेगळा बसवायचा, मग आपला प्रोग्राम त्याच्या घरी पाठवायचा, लेक सासरी पाठवावी तसा. 'जेटी'त उलटे आहे. इथे सर्व्हरच प्रोग्रामच्या घरी नांदायला येतो. घरजावईच म्हणा ना, कानडीत मनेअळिय!

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग विल्किन्स यांनी जेटीची सुरुवात केली 1995 साली, जावा जाहीर झाली त्याच वर्षी. त्यांची कंपनी मॉर्ट बे. हे सिडनीतल्या एका खाडीचे नाव. जेटी म्हणजे बोटीचा धक्का. 2009 मध्ये प्रकल्प एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला. त्याच वर्षी गूगलने ॲप इंजिनमध्ये जावाची सोय केली, तेव्हा हाच सर्व्हर घेतला. लहान आकार हे मोठे कारण होते. तो फुकट आहे, हे आमच्या मुलांना अधिक महत्त्वाचे.

काम सोपे. जेटीच्या जार फायली प्रोग्रामला जोडायच्या, 8080 पोर्ट देऊन सर्व्हर तयार करायचा, कोणत्या मागणीला काय उत्तर द्यायचे ते सांगायचे आणि सुरू करायचा. 2023 मध्ये आलेल्या 12व्या आवृत्तीला मात्र जावा 17 लागते. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर आधी तेवढे पाहून घ्यावे.

माझ्या एका विद्यार्थिनीने घरातल्या मराठी-कानडी शब्दांचा कोश केला. अक्का, अण्णा दोन्हीकडचे. आपला अडकित्ता कानडीतल्या अडकत्तरीचा. आजी सांगे, ही टिपून घेई. पहिल्यांदा चालवला तर पानभर प्रश्नचिन्हे, दोन्ही लिप्यांची सारखीच! उत्तर कोणत्या अक्षरसंचात पाठवायचे ते सांगितले नाही, तर जावाचे सर्व्लेट जुना पश्चिम युरोपीय संच धरते. त्यात ना देवनागरी, ना कन्नड. यूटीएफ-8 असे एका ओळीत लिहिल्यावर आजीचे शब्द दिसू लागले.

सगळा कोश पेनड्राइव्हवर मावला. गावच्या वाचनालयात इंटरनेट धड नसते, पण सर्व्हर प्रोग्रामच्या पोटातच असल्याने त्याची गरज पडली नाही. एक गोष्ट पालकांनीही विचारावी. नुसता पोर्ट दिला तर जेटी त्याच वायफायवरच्या सर्वांना दार उघडतो. घरगुती हिशेबाचा प्रोग्राम असेल, तर पत्ता 127.0.0.1 एवढाच द्यावा. मग फक्त त्याच संगणकाला तो दिसतो. कोशासाठी मात्र तिने दार मुद्दाम उघडे ठेवले. आता वाचनालयात आलेली मंडळी आपापल्या मोबाइलवर शब्द शोधतात आणि राहिलेले तिला सांगतात.