विश्लेषण : तंबोरा विमानाने न्यायचाय? हलकी केस घेण्याआधी काय तपासाल?

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हा तंबोरा घेऊन पुणे-दिल्ली किंवा मुंबई-लंडन प्रवास करणाऱ्या गायकांपुढे मात्र जुनाच प्रश्न असतो. बेल्टवरून वाद्य परत येईल, पण अख्खं येईल का? कापडी गवसणी घरापासून सभागृहापर्यंत ठीक. विमानासाठी कडक केसच हवी. ती हलकी का असावी आणि कशी निवडावी?

केसचं वजन इतकं महत्त्वाचं का?

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर चेक-इन सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरपर्यंत चालते. पाच फुटी तंबोऱ्याची नुसती लांबीच १५२ सेंटीमीटर! म्हणजे केस कोणतीही घ्या, ‘ओव्हरसाइज’ ठरणारच. आकार आपल्या हातात नाही, वजन आहे. मोठा तंबोराही पाच किलोंच्या आसपासच भरतो. बाकी सगळं वजन केसचं.

प्लाय, फायबरग्लास की कार्बन फायबर?

साधं गणित करू. अशा केसचं पृष्ठफळ साधारण दीड चौरस मीटर धरा.

• फायबरग्लास, ३ मिमी जाड : नुसतं कवच ८ किलोंच्या आसपास.
• कार्बन फायबर, दीड मिमी : साडेतीन ते चार किलो. ताठपणा जास्त असल्याने पातळ कवच चालतं. किंमत मात्र कितीतरी जास्त.
• प्लायची पेटी : कडी-कोयंड्यासह १० किलोंच्या वर सहज जाते.

वर्षातून एक-दोनदाच उडणार असाल तर फायबरग्लास पुरे. महिन्याला दौरे असतील तर कार्बनचा विचार करा.

मग सर्वांत हलकी तीच चांगली?

नाही. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेलं फळ. मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकणारा हा भोपळा आवाजाला उत्तम, पण धक्क्याला अंड्यासारखा. कवच दाबलं जाऊन भोपळ्याला टेकलं की तडा गेलाच. म्हणून भोपळा आणि कवच यांच्यात सगळीकडून किमान दोन बोटं फोम हवा. दुसरी नाजूक जागा म्हणजे दांडी आणि भोपळा जुळतो तो गळा. तिथे खालून आधार नसेल तर महागडी केसही कुचकामी.

दुकानातच चाचणी घ्या. वाद्य ठेवून केस बंद करा, उभी-आडवी करून हलकेच हलवा. आतून ‘ठक’ आवाज आला तर ती केस तुमच्या वाद्याची नाही. खुंट्यांभोवतीही मोकळी जागा हवी.

निघण्यापूर्वी काय कराल?

• तारा उतरवा, पण पूर्ण सोडू नका. घोडी जागेवरून हलली तर जवारी बिघडते.
• तारा आणि तबलीच्या मध्ये मऊ कापड घाला.
• केस भरून घरीच वजन करा, बाहेरून मापं घ्या आणि तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला कळवा. एटीआरसारख्या छोट्या विमानात सामानाची जागा कमी असते.
• जास्तीचं आसन काढून वाद्य केबिनमध्ये नेता येईल का, हेही तेव्हाच विचारा.
• केस बंद करण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

तुटलं तर भरपाई मिळते?

नाजूक सामानासाठी काउंटरवर अनेकदा ‘लिमिटेड रिलीज’ टॅगवर सही घेतली जाते. ती केल्यावर तुटफुटीची बरीचशी जबाबदारी तुमच्यावर येते. सही करण्यापूर्वी वाचा. वाद्य मोलाचं असेल तर वेगळा विमा काढा. आणि पोहोचल्यावर केस विमानतळावरच उघडा. तडा दिसला तर बाहेर पडण्याआधी लेखी तक्रार नोंदवा, घरी गेल्यावर ती सिद्ध करणं अवघड होतं.

केसवरचा खर्च जड वाटेल. पण नवा भोपळा बसवता येतो, जुना आवाज परत येईलच असं नाही.