मुक्या रुग्णाची मळमळ आणि मनगटावरची सुई

गोचीडताप झालेल्या कुत्र्याला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारणतः चार आठवडे द्याव्या लागतात. रोगाची लक्षणे मात्र आठवड्याभरातच ओसरू लागतात आणि नेमकी त्याच सुमारास मालकाची खरी परीक्षा सुरू होते. गोळी पोटात गेली, की कुत्रे वारंवार ओठ चाटते, लाळ गाळते, रिकामेच घोट गिळते आणि भरल्या ताटलीकडे पाठ फिरवते. 'औषध सोसत नाही' असे म्हणून ते मध्येच बंद केले जाते. आजार उलटण्याची भीती इथेच असते.

या मळमळीवर ॲक्युपंक्चरचा उपाय काही पशुवैद्यक करतात. त्यासाठी 'पेरिकार्डियम ६' किंवा चिनी परिभाषेत 'नैग्वान' हा बिंदू निवडला जातो. माणसात तो मनगटाच्या आतल्या बाजूस असतो. कुत्र्यात पुढच्या पायाच्या मनगटाच्या किंचित वर, दोन कंडरांमधील खोबणीत. तेथे केसासारखी बारीक सुई काही मिनिटे ठेवतात, क्वचित तिला सौम्य विद्युतप्रवाह जोडतात.

या बिंदूकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष गेले ते माणसांमुळे. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८६ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या अफूवर्गीय औषधांच्या मळमळीवर त्याचा परिणाम तपासला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने १९९७ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या व केमोथेरपीच्या मळमळीत ॲक्युपंक्चरचा उपयोग मान्य केला. कुत्र्यांमध्ये मॉर्फिनमुळे होणाऱ्या उलट्यांवरील विद्युत-ॲक्युपंक्चरचा अभ्यास २०१४ मध्ये, तर हायड्रोमॉर्फोनवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मॉर्फिनसारखी औषधे रक्तावाटे मेंदूतील उलटीच्या संवेदनाक्षेत्राला चेतवतात. डॉक्सिसायक्लिन प्रामुख्याने जठराच्या अस्तरालाच त्रास देते. एका वाटेवर लाभलेले यश दुसऱ्या वाटेवर तसेच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय २००६ च्या एका आढाव्यात पाळीव प्राण्यांवरील ॲक्युपंक्चरच्या एकूण पुराव्याला ठामपणा नसल्याचा निष्कर्ष निघाला होता. कुत्र्याला सुईवर श्रद्धा नसते हे खरे. पण 'आज बरे दिसतेय' हे ठरवणारा मालक श्रद्धाळू असू शकतो!

गोचीडतापात आणखी एक धोका संभवतो. या आजारात रक्तातील प्लेटलेट्स घटतात. अशा वेळी टोचलेल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्यावाचून सुई लावू देऊ नये.

मुळात गोळी उपाशीपोटी न देता अन्नाबरोबर दिल्यास निम्मे काम होते, असे पशुवैद्यक सांगतात. तरीही त्रास राहिला, तर मॅरोपिटंट हे खास कुत्र्यांसाठी विकसित झालेले उलटीरोधक औषध उपलब्ध आहे. अमेरिकेत त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली. सुई त्याच्या जोडीला असावी, जागी नव्हे.

वेदनाशामक गोळ्या चालू असताना उलट्या झाल्या, विशेषतः उलटीत रक्त दिसले किंवा शौच काळे झाले, तर तो जठरातील व्रणाचा इशारा असू शकतो. तेव्हा पुढची गोळी न देता कुत्र्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.