स्टॅबिलायझर घेण्यापूर्वी हिशेब करा
प्रवासाचे व्हिडिओ काढणाऱ्या नवख्यांसाठी थोड्या खर्चातील मार्ग

कोलाडचे राफ्टिंग, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या, काशीदचा किनारा आणि रायगड किल्ला यांमुळे रोह्याच्या चारी बाजूंना शनिवार-रविवारी पाहुण्यांची वर्दळ असते. या वर्दळीवर गाडीवाले, होडीवाले, घरगुती जेवण देणारे आणि खोल्या भाड्याने देणारे अशी अनेक कुटुंबे पोट भरतात. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीने येत असे. आज ते आधी मोबाईलवर व्हिडिओ पाहते आणि मग फोन करते. म्हणून आपले तरुणही व्हिडिओ काढू लागले आहेत. पण चालता चालता काढलेले चित्र असे हिंदकळते की पाहणाऱ्याचे डोके फिरते. मग प्रश्न येतो : स्टॅबिलायझर कोणता घ्यावा?

आमचा धंदा कापडाचा. तरीही हा प्रश्न आमच्यापुढे आला, कारण आमच्या नात्यातील टुरिस्ट गाडी चालवणारा एक तरुण पंचवीस हजारांचे यंत्र घेण्यासाठी हातउसने पैसे मागायला आला. ते यंत्र मोठ्या कॅमेऱ्यासाठी होते आणि त्याच्याजवळ फक्त फोन होता. रक्कम त्याच्या गाडीच्या दोन हप्त्यांएवढी. आम्ही नकार दिला नाही, पण आधी त्याच्याबरोबर बसून हिशेब केला. तोच हिशेब व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

यंत्र काय करते?

हलता कॅमेरा स्थिर ठेवण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील गॅरेट ब्राउन यांनी स्टेडीकॅम तयार केला आणि १९७६ च्या चित्रपटांत तो प्रथम दिसला. त्यात वजन आणि समतोल यांवर काम चाले, आणि ते ओझे अंगावर बांधावे लागे. आजचे गिंबल मोटरवर चालते. आतील संवेदक हाताची हालचाल ओळखतो आणि छोट्या मोटरी फोनला उलट दिशेने वळवतात. डीजेआय या चिनी कंपनीने २०१६ साली फोनसाठी ‘ओस्मो मोबाईल’ आणले. आज झियुन, होहेम अशा कंपन्यांचीही गिंबले बाजारात आहेत.

गिंबल तीन दिशांचे झुकणे सांभाळते : डावे-उजवे वळणे, वर-खाली झुकणे आणि बाजूला कलंडणे. परंतु पावलागणिक अख्खा हातच वर-खाली होतो, तो धक्का ते पूर्णपणे खात नाही. त्यासाठी चालच सुधारावी लागते. दुकानदार हे सांगत नाही.

आधी घरात काय आहे ते पाहा

कित्येक फोनांत भिंगच हलवून थरथर कमी करण्याची सोय असते. तिला ओआयएस म्हणतात. दुसरी सोय ईआयएस, म्हणजे चित्राच्या कडा कापून उरलेले चित्र स्थिर करणे. दिवसाच्या उजेडात याने बरेच काम भागते. संध्याकाळी किंवा किल्ल्याच्या अंधाऱ्या दरवाजात मात्र ईआयएस कमी पडते, कारण कमी उजेडात प्रत्येक चित्रच पुसट उमटते आणि कडा कापून पुसटपणा जात नाही. गिंबलचा खरा फायदा तेथे दिसतो.

म्हणून आठ दिवस रिकाम्या हाताने चित्रण करावे. दोन्ही हातांनी फोन धरावा, कोपर बरगडीला टेकवावे, भिंतीचा किंवा गाडीच्या बॉनेटचा आधार घ्यावा. उभे राहून घेतलेली दृश्ये एवढ्यानेच सुधारतात. चालताना घेतलेलीच बिघडत असतील तर गिंबल घ्यावे.

पैशाचे तीन टप्पे

पहिला टप्पा काही शे रुपयांचा : फोन धरण्याची मूठ आणि छोटा ट्रायपॉड. खोली, ताट किंवा माल दाखवायला हे पुरेसे. पेणचा मूर्तिकार रंगकाम दाखवू इच्छित असेल तर त्याला गिंबलची गरजच नाही, कारण तेथे कॅमेरा एका जागी असतो.

दुसरा टप्पा साधारण पाच ते दहा हजारांचा : फोनचे तीन अक्षांचे गिंबल. प्रवासाचे व्हिडिओ काढणाऱ्या नवख्याला हेच योग्य. तिसरा टप्पा मोठ्या कॅमेऱ्याच्या गिंबलांचा. तो वीस हजारांच्या वर जातो. जवळ कॅमेरा नसेल तर तिकडे पाहूही नये.

एक सावधगिरी. हजार-दीड हजारात ‘गिंबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही काठ्या एकाच अक्षावर फिरतात. त्या फक्त कलंडणे सावरतात. नावावर जाऊ नये, अक्ष किती ते विचारावे.

माल पारखून घ्यावा

कापडाचा पन्हा आपण मोजून घेतो, तसेच येथेही करावे. पहिली गोष्ट, फोनचे वजन आणि जाडी. उदाहरणार्थ, ओस्मो मोबाईल एसईवर १७० ते २९० ग्रॅम वजनाचे फोन चालतात. जाड कव्हरासह फोन त्यात बसतो का, हे दुकानातच पाहावे. दुसरी, कंपनीचे अॅप आपल्या फोनवर चालते का. तिसरी, घडी करून ते पिशवीत मावते का. चौथी, भारतातील वॉरंटी आणि पक्के बिल. बिलाविना दोन-चारशे वाचतात, पण मोटर बिघडली की सगळेच जातात.

त्यानंतर चालू करून दहा पावले चालावे, जिना चढावा आणि काढलेले चित्रण तेथेच पाहावे. शक्य असल्यास लग्नाचे चित्रण करणाऱ्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून एक दिवस भाड्याने घ्यावे. आमच्या त्या तरुणाने असेच केले आणि पंचवीस हजारांचा विचार स्वतःच सोडला. फोनचे गिंबल त्याच्या बचतीतच आले, उसने घ्यावे लागले नाहीत.

वापर आणि काळजी

फोन बसवून समतोल साधल्याशिवाय गिंबल चालू करू नये, नाहीतर मोटरवर ताण येतो. चालताना गुडघे किंचित वाकवावेत, टाच आधी टेकवावी आणि पावले छोटी टाकावीत. आठवडाभर रोज पंधरा मिनिटे कुंडलिकेच्या काठाने चालून सराव केला तर हात बसतो.

फोनची गिंबले सहसा जलरोधक नसतात. कोलाडचे राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते. तेथे गिंबल नेऊ नये. पाण्यात चालणारा अॅक्शन कॅमेरा वेगळा असतो, तो भाड्याने घ्यावा. जंजिऱ्याच्या होडीत गिंबल क्षितिज छान सरळ ठेवते, पण किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरताना ते पिशवीत असावे. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले तर कोरड्या फडक्याने लगेच पुसावे. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांत ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी. आखातात जाणाऱ्यांनी गिंबल, सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातील सामानात ठेवावी. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानाच्या पोटातील सामानात चालत नाहीत.

हिशेबाचा सारांश एवढाच. गिऱ्हाईक यंत्र पाहत नाही, तो रस्ता, खोली, जेवण आणि माणसाचा विश्वास पाहतो. त्याला ते नीट दिसावे एवढे स्थिर चित्र पुरे आहे. तेवढ्यासाठी हंगामाचे भांडवल अडकवू नये. उरलेला पैसा गाडीच्या टायरांवर आणि खोलीच्या स्वच्छतेवर खर्च केला तर पुढच्या व्हिडिओत दाखवायलाही काही राहील.