नव्या लशीची पारख

नवे औषध निघाले की आपण विचारतो, "गुण येतो का हो?" प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नाही. औषध घेतले आणि माणूस बरा झाला, एवढ्याने औषधाला यश देता येत नाही. कित्येक आजार आपोआपही बरे होतात.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. नवे बियाणे काळ्या रानात पेरले आणि जुने माळावर, तर पीक बियाण्याने वाढले की जमिनीने, हे कसे कळावे? दोन्हींना जमीन सारखी हवी.

रोटाव्हायरसमुळे तान्ह्या मुलांना जीवघेणे जुलाब होतात. त्यावरील भारतीय लशीची मोठी चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग, दिल्ली आणि वेल्लोर येथील ६,७९९ बाळे आईबापांच्या लेखी संमतीने तीत आली. लस सुरक्षित आहे ना, हे आधीच थोड्या लोकांवर पाहिले होते.

आता लस कोणाला द्यायची? डॉक्टरांनी निवड केली, तर धट्टीकट्टी बाळे एकाच बाजूला जायची. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. तिघांपैकी दोघांना लस, एकाला तसेच दिसणारे, पण लस नसलेले थेंब. कोणाला काय मिळाले, हे आईलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ठाऊक असते, तर दोघांचीही नजर बदलली असती.

मग लस न मिळालेल्या बाळांवर अन्याय नाही का? परदेशी लशी तेव्हा बाजारात विकत मिळत होत्या, म्हणून यावर वादही झाला. पण सरकारी लसीकरणात त्या नव्हत्या, आणि नव्या लशीचा गुण कोणालाच माहीत नव्हता. शिवाय दर आठवड्याला सर्वच बाळांची चौकशी होई आणि जुलाब झाल्यास उपचार मिळत.

निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषाणूच्या तीव्र जुलाबांपैकी निम्म्याहून थोडे अधिक टळले होते. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात येऊ लागली.

शिक्षकांनी वर्गात चिठ्ठ्या टाकून ही वाटणी मुलांना जरूर दाखवावी. आणि आपल्या दारी असे कोणी आले, तर तीन गोष्टी विचाराव्यात: धोका काय? आजारी पडल्यास उपचार कोण करणार? मध्येच नको म्हटले तर चालेल ना? तिन्हींची सरळ उत्तरे मिळाल्याखेरीज सही करू नये.