नोकरी इंग्रजीत, संसार जर्मनमध्ये

पुण्याहून किंवा मुंबईहून जर्मनीला निघालेल्या कुटुंबाची तयारी बहुधा दोन याद्यांत मावते. एक यादी कागदपत्रांची आणि दुसरी सामानाची. पहिलीत नोकरीचा करार, व्हिसा, विवाहनोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले असतात. दुसरीत प्रेशर कुकर, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि थंडीचे कपडे. भाषेचा प्रश्न मात्र या दोन्ही याद्यांबाहेर राहतो, कारण ‘कंपनीत इंग्रजी चालते’ असे आश्वासन आधीच मिळालेले असते. ते आश्वासन खोटे नसते. पण ते दिवसातल्या आठ तासांपुरते आणि घरातल्या एकाच माणसापुरते असते. उरलेले तास आणि घरातली उरलेली माणसे यांचा व्यवहार जर्मन भाषेतच होतो. परदेशी स्थिरावण्यातील बहुतेक अडचणींचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

महाराष्ट्र आणि दक्षिण जर्मनी यांचे नाते नवे नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये भारतातील कारभार सुरू केला तो पुण्यातच. पुढे चाकण परिसर जर्मन मोटार उद्योगाशी जोडला गेला आणि अभियंत्यांची ये-जा वाढत गेली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. स्टुटगार्ट ही याच राज्याची राजधानी. त्याच वर्षी भारतातील कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा जर्मन सरकारने केली. त्यामुळे हा विषय आता मोजक्या अभियंत्यांच्या घरांपुरता राहिलेला नाही.

दारावरचे नाव

जर्मनीतील आयुष्य पत्त्यापासून सुरू होते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात नोंद करावी लागते. या नोंदीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र सोबत असावे लागते. ही नोंद झाली की कर-क्रमांक टपालाने घरी येतो. बँक, निवास परवाना, बालवाडी, शाळा या सर्वांचा धागा त्याच पत्त्याला बांधलेला असतो. सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीसाठी दर घरामागे द्यावयाच्या शुल्काचे पत्रही काही दिवसांत येऊन पडते. घरात दूरचित्रवाणी संच नाही, हे कारण तेथे चालत नाही.

एवढा सगळा कारभार टपालावर चालत असल्याने पत्रपेटीवरील आडनावाला फार महत्त्व येते. जर्मन पत्त्यात सदनिकेचा क्रमांक सहसा नसतो. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो आणि ते दिसले नाही तर पत्र परत जाते. लग्नानंतरही माहेरचे आडनाव ठेवलेल्या मराठी स्त्रीची पत्रे अशी परत जाऊ शकतात, म्हणून पेटीवर दोन्ही आडनावे लावावी लागतात. मराठी नावाच्या रचनेमुळे आणखी एक गोंधळ होतो. पासपोर्टावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव छापलेले असेल, तर जर्मन कार्यालय ती दोन्ही नावे त्या व्यक्तीचीच समजते. विमापत्रापासून बालवाडीच्या अर्जापर्यंत एकच लेखन ठेवणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय.

भाड्याच्या घराचे गणितही निराळे आहे. जाहिरातीतील ‘थंड भाडे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि ‘गरम भाडे’ म्हणजे पाणी, हीटिंग, जिन्याची देखभाल इत्यादी खर्च धरून येणारी रक्कम. अनामत थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा अधिक घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. अनेक घरे स्वयंपाकघराविना मिळतात. ओटा नाही, कपाटे नाहीत, कधी भांडी घासायचे सिंकही नाही; छतातून नुसत्या तारा लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो किंवा ते नव्या भाडेकरूला विकू पाहतो. या खर्चाची कल्पना नसेल तर पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब कोलमडतो.

लेखी शेजारधर्म

मराठी कुटुंबाला सर्वांत आधी जाचतात ते इमारतीचे नियम. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ आणि रविवार तर पूर्ण शांततेचा. अनेक इमारतींत दुपारी १ ते ३ हेही शांततेचे तास असतात. पहाटे मिक्सरवर चटणी वाटणे किंवा रविवारी भिंतीत खिळा ठोकणे तेथे शेजाऱ्याच्या तक्रारीला निमंत्रण देते. रिकाम्या बाटल्या काचेच्या सार्वजनिक डब्यात टाकायलाही रविवारी मनाई असते. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असल्याने भाजी-दूध शनिवारीच भरून ठेवावे लागते.

कचऱ्याची वर्गवारी हा दुसरा धडा. कागद, वेष्टने, ओला कचरा आणि उरलेला कचरा यांचे डबे वेगळे. काच तर पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशी रंगानुसार टाकायची. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर बहुधा २५ सेंट अनामत असते आणि बाटली दुकानातील यंत्रात परत केली की ती मिळते. स्टुटगार्ट परिसरात ‘केरवोखे’ची, म्हणजे झाडलोटीच्या पाळीची जुनी परंपरा आहे. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आणि इमारतीपुढची वाट झाडायची जबाबदारी त्या घराची. कामाला बाई नसणाऱ्या या देशात पाळी चुकविणे म्हणजे शेजाऱ्याला आपले काम करायला लावणे, असा त्याचा अर्थ होतो.

हिवाळ्यात खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळती ठेवण्याचा नियम मराठी मनाला विचित्र वाटतो. बाहेर बर्फ आणि आत हीटर चालू असताना खिडकी का उघडायची? कारण ही घरे थंडी रोखण्यासाठी घट्ट बंद केलेली असतात. कुकरची वाफ, उकळता भात आणि घरातच वाळत घातलेले कपडे यांमुळे भिंतींना बुरशी धरते आणि हवा खेळती ठेवली नाही, असे ठरले तर तिचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. मराठी वाड्यात किंवा सोसायटीत शेजारधर्म तोंडी चालतो. कोणी आवाज केला तर ‘अहो, जरा हळू’ असे सांगून प्रश्न मिटतो. जर्मनीत तोच शेजारधर्म कागदावर उतरलेला असतो. तो वाचता आला नाही तर माणूस निष्काळजी ठरतो आणि वाचता आला तर तेच नियम दिलासा देतात, कारण ते सर्वांना सारखेच लागू असतात.

सवलतीची किंमत

उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांना मिळणारे ‘ब्लू कार्ड’ कुटुंबाच्या दृष्टीने उदार आहे. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा मिळते. इतर अनेकांच्या जोडीदारांना येण्याआधी ए-१ पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला ती माफ आहे. ही सवलत सोयीची वाटते, पण तिच्यामुळेच पत्नी, आणि अलीकडे काही घरांत पती, भाषेचा एक शब्दही न शिकता विमानात बसतो.

खरी किंमत नंतर कळते. सॉफ्टवेअरसारख्या क्षेत्रात इंग्रजीवर नोकरी मिळू शकते. मात्र डॉक्टर, दंतवैद्य, औषधनिर्माता, परिचारिका, शालेय शिक्षक यांची पदवी जर्मनीत रीतसर मान्य व्हावी लागते आणि त्यासाठी चांगली जर्मन लागते. बँक, हिशेब, मनुष्यबळ विभाग यांतील अनुभवी स्त्रीलाही भाषेअभावी दारे बंद दिसतात. पुण्यात दहा वर्षे नोकरी केलेली स्त्री अशा रीतीने ‘डिपेंडंट’ या शब्दात बंदिस्त होते.

कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यातही हा विरोधाभास दिसतो. ब्लू कार्डधारकाला ए-१ पातळीवर २७ महिन्यांनी आणि बी-१ पातळीवर २१ महिन्यांनी तो मिळू शकतो. जोडीदाराला मात्र सर्वसाधारणपणे बी-१ पातळी गाठावी लागते. म्हणजे कार्यालयातील सहकाऱ्यांमुळे ज्याच्या कानावर रोज जर्मन पडते त्याला कमी भाषा पुरते; जी व्यक्ती दिवसभर घरात असते तिच्याकडून अधिक अपेक्षा असते. ‘आधी घर लागू दे, मुलांचे मार्गी लागू दे, मग भाषेचे पाहू’ असे म्हणत दोन वर्षे कशी निघून जातात, हे कळत नाही.

चौथीतला निर्णय

मुलांच्या बाबतीत ही दिरंगाई अधिक महाग पडते. वयाच्या एक वर्षापासून बालसंगोपन केंद्रात जागा मिळण्याचा हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून कायद्याने मिळालेला असला, तरी प्रत्यक्षात जागा अपुऱ्या आहेत आणि नाव लवकर नोंदवावे लागते. जागा मिळाल्यावरही मूल रुळेपर्यंत काही आठवडे आई किंवा वडिलांनी केंद्रात थांबायचे असते. नोकरीवर रुजू होण्याची तारीख ठरविताना हे आठवडे धरावे लागतात.

शाळा सक्तीची आहे आणि घरी बसून शिकण्याचा पर्याय नाही. विमानाचे तिकीट स्वस्त आहे म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी मुलाला घेऊन भारतात गेल्यास दंड होऊ शकतो. दिवाळी बहुधा शाळेच्या दिवसांत येते. सहा-सात वर्षांच्या मुलाने शेजारच्या मुलांबरोबर पायी शाळेत जावे, अशी शाळेची अपेक्षा असते. रिक्षावाल्या काकांच्या भरवशावर वाढलेल्या पालकांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

खरा पेच चौथीत उभा राहतो. बहुतेक जर्मन राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते. त्यानंतर विद्यापीठाकडे सरळ नेणारे ‘गिम्नाझिउम’ की अधिक व्यवहाराभिमुख शिक्षण देणारी दुसरी शाळा, हे ठरते. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये २०२४-२५ या शालेय वर्षापासून केवळ पालकांची इच्छा गिम्नाझिउमसाठी पुरत नाही. शिक्षकांची शिफारस किंवा ‘कोम्पास ४’ या चाचणीचा निकाल तिच्या बाजूने असावा लागतो. दोन्ही नसतील तर आणखी एक चाचणी द्यावी लागते. पुढे शाळा बदलण्याच्या वाटा आहेत, पण त्या चढणीच्या आहेत. आठव्या-नवव्या वर्षी जर्मनीत आलेल्या मुलाकडे या निर्णयापूर्वी जेमतेम वर्ष-दीड वर्ष असते. नवागत मुलांसाठी भाषेचे पूर्वतयारी वर्ग असतात. तरी गणितात हुशार असलेले मूल शब्दरूपी उदाहरण न कळल्याने मागे पडू शकते.

पालकसभा जर्मनमध्ये होते, शाळेची पत्रे जर्मनमध्ये येतात. मूल काही महिन्यांत बोलू लागते आणि मग दवाखान्यात, दुकानात, कधी शिक्षकांसमोरही तेच आईचे दुभाषी बनते. याचे कौतुक होते खरे. पण स्वतःच्या प्रगतीविषयी शिक्षक काय म्हणाले हे मुलानेच आईला सांगावे, ही स्थिती दोघांसाठीही हिताची नाही.

आजारपण आणि आजी-आजोबा

सार्वजनिक आरोग्यविम्यात मुलांसाठी सहसा वेगळा हप्ता पडत नाही. प्रथम आपल्या भागातील कुटुंबवैद्य गाठायचा आणि त्याच्या सल्ल्याने तज्ज्ञाकडे जायचे, अशी रीत आहे. तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे लागतात. रात्री-अपरात्री तातडीचा नसलेला त्रास झाल्यास ११६११७ आणि जीवावरच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावेत. साध्या तापाला प्रतिजैविके न देता विश्रांती आणि हर्बल चहा सांगणारा डॉक्टर हयगय करीत नसतो; तेथील पद्धतच तशी आहे.

बाळंतपणात आईला बोलवावे, तर पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. १ मार्च २०२४ पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना आणण्याची वाट उघडली आहे. पण निर्वाहाची आणि पुरेशा आरोग्यविम्याची अट ज्येष्ठांच्या बाबतीत जड जाते. दूरध्वनीलाही घड्याळ आडवे येते. हिवाळ्यात जर्मनी भारतापेक्षा साडेचार तास मागे असते. रात्रीचे जेवण आटोपून आठ वाजता फोन करावा, तर पुण्यात मध्यरात्रीचा साडेबाराचा ठोका. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारून येते आणि दिवसभर घरात असणाऱ्या व्यक्तीला एकटेपण नेमके तेव्हा खायला उठते.

यादीत हवी तिसरी बाब

यावर उपाय आहेत आणि ते निघण्यापूर्वीच सुरू होतात. पुणे-मुंबईतील मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे वर्ग वर्षभर चालतात. घरातून एकालाच जाणे शक्य असेल, तर नोकरी असलेल्यापेक्षा जोडीदाराने आधी जावे. जर्मनीतील बहुतेक शहरांत ‘फोल्क्सहोखशूले’ ही प्रौढ शिक्षणाची सार्वजनिक संस्था तुलनेने माफक शुल्कात भाषा शिकविते. तेथे शब्दांबरोबर ओळखीही मिळतात. पतीने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुले सांभाळली, तरच तो वर्ग नियमित होतो. मराठी मंडळातील गणेशोत्सव मनाला उभारी देतो. मात्र वरच्या मजल्यावरच्या आजीशी रोज दोन वाक्ये बोलण्याने इमारत आपली होते.

घरात मुलांशी मराठीच बोलावे. त्यांना मोडकी जर्मन आई-वडिलांकडून शिकण्याची गरज नसते. ती भाषा त्यांना शाळा देते. पालकांनी जर्मन शिकायची ती स्वतःसाठी. नोकरीच्या करारावर सही एकाची असली, तरी स्थलांतर सगळ्या घराचे असते. प्रवासाच्या याद्या करताना कुकर आणि दाखले यांच्या बरोबरीने घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे भाषेचे काही महिने लिहिले, तर पुढची अनेक वर्षे वाचतात.