बाटलीतली साखर आणि ४० टक्के कर
मे महिन्यात कामठीत पारा ४५ अंशांकडे सरकला, की शाळकरी पोरं टपरीवर गार कोला मागतात. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा: १०० मिलीत साधारण १०-११ ग्रॅम साखर, म्हणजे पाव लिटरात पाच-सहा चमचे! अशा पेयांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता, म्हणजे बोजा तेवढाच. मला खुपतं ते वेगळंच. साखर नसलेल्या कोलालाही हाच दर. मग कंपनी साखर कशाला कमी करील? ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार टप्पे पाडले, तर कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर घटवली. असे टप्पे आपल्याकडेही यायलाच हवेत. टपरीवरच्या त्या पोराला निदान कमी साखरेची बाटली स्वस्तात मिळेल.